गणपतची अंडी

गुरांचा डॉक्टर म्हणून सगळी नोकरी चांदा जिल्ह्यात काढली असं कळलं, की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग वाघ पाहिला असेल!" पाहिला. दोनदा. एकदा तो पाठमोरा होता आणि एकदा मी. वाघानं मला काडीचाही त्रास दिला नाही. अस्वलानं दिला नाही, रेड्यांनी थोडाफार दिला, आणि वरच्या साहेबांनी दिला तो नियमानुसार दिला. पण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अजगरानं आणि त्याच्या मालकिणीनं मला जे छळलं, त्याची सर पुढं कशालाच आली नाही. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणालात, म्हणून तेच लिहितो. शौर्यकथा हवी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

गोष्ट पन्नास सालानंतरची. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे, गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायचा होता, आणि आमचा सगळा मुलूख मध्य प्रदेशात मोडत होता. वैनगंगेच्या अंगानं एक मोठं खेडं होतं, तिथला गुरांचा दवाखाना माझ्याकडं होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या, मागं गुरं बांधायचा लाकडी खोडा, बाजूला माझं राहायचं घर. मी पंचविशीतला, अमरावतीकडचा, बिनलग्नाचा. हाताखाली एकच माणूस, मलमपट्टी करणारा ड्रेसर मडावी. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, गोंड, जंगलातल्या गावचा. कमी बोलायचा. त्याच्या हाताखाली सहा डॉक्टर शिकून बदलून गेले होते आणि मी सातवा, हे तो मला कधी बोलून दाखवत नसे. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

चैत्र संपत आला होता. एका सकाळी दवाखान्यापुढं बैलगाडी थांबली. गाडीत बांबूची ढोली होती, धान साठवायला कोठारात ठेवतात तसली, माणूस आत बसेल एवढी. ढोलीवर गोणपाट, गोणपाटावर पाटा, आणि पाट्यावर हात ठेवून एक बाई बसलेली. पन्नाशीची, सडसडीत, नऊवारी घट्ट नेसलेली. तिचं नाव अंजनाबाई. चार मैलांवरच्या गावात तिचं धानाचं कोठार होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, कोठार ती एकटी चालवायची.

"डाक्टर तुमीच काय?" तिनं विचारलं.

"हो."

"मोठा डाक्टर नाई काय कोणी?"

मी म्हटलं, "मीच आहे तेवढा. काय आणलंय?"

"गणपत हाये. त्याचं पोट दुखून राह्यलं."

मला वाटलं बोकड असेल. मडावीनं पाटा उचलला, गोणपाट बाजूला केलं, आत डोकावला आणि दोन्ही परत जागच्या जागी ठेवून चार पावलं मागं सरला. "साहेब," तो म्हणाला, "बैल धरतो, रेडा धरतो, सांगान तं पिसाळलेलं कुत्रं धरतो. हे मी नाई धरत."

आत साडेआठ फुटी अजगर होता.

त्याची हकीकत अंजनाबाईनं पायरीवर बसून सांगितली. तिचा नवरा एकदा बांबू तोडायला गेला असताना त्याला हे पिल्लू मिळालं. हातभर होतं. कोठारात उंदीर-घुशी फार, म्हणून त्यानं ते आणून सोडलं. आठ वर्षांत ते वाढलं, माणसाळलं, दाराच्या उंबऱ्यापलीकडं कधी गेलं नाही, आणि तिच्या कोठारात एक दाणा उंदराच्या तोंडी लागला नाही. नवऱ्यानं नाव ठेवलं गणपत. आता हा गणपत चार दिवसांपासून अंग पिळून राहिला होता. शेजारणीची बदकाची अंडी गायब होती, ती त्यानंच गिळली आणि ती अडकली, असं तिचं निदान होतं.

ढोलीच्या तळाशी तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, मला नऊ अंडी दिसली. बदकाची नव्हेत. पांढरट, लांबट, चामड्यासारख्या कवचाची, एकमेकांना चिकटलेली. आणि गणपत त्यांच्याभोवती वेटोळं घालून होता.

"बाई," मी म्हटलं, "ही त्याचीच अंडी आहेत. हा नर नाही. मादी आहे."

अंजनाबाईनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गणपत हाये तो."

"नाव गणपत असेल. पण मादी आहे."

"आठ वर्षं झाले आमच्या घरी. आमाले नाई समजलं अन् तुमाले एका मिनिटात समजलं? अन् मादी हाये तं नर कुठून आला? कोठाराच्या भाईर गेला नाई तो कधी."

मी तिला समजावलं की कोंबडीसुद्धा कोंबड्याशिवाय अंडी घालते, ती उबत नाहीत एवढंच. ती म्हणाली, "कोंबडीची गोष्ट अलग. हा गणपत हाये." तो वाद मी त्या दिवशी हरलो आणि नंतरही कधी जिंकलो नाही. म्हणून पुढं मीही 'तो' असंच लिहितो.

हात फिरवून पाहिल्यावर शेपटीकडच्या बाजूला, शौचाच्या वाटेच्या वीतभर वर, दोन कडक गोळे लागले. नऊ बाहेर आली होती, दोन अडली होती. गाय अडली तर काय करायचं ते मला येत होतं. म्हैस, शेळी, कुत्री, सगळं येत होतं. साप अडला तर काय करायचं हे आमच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि माझ्याकडच्या तीन पुस्तकांत सापाचा उल्लेख फक्त गुरांना चावण्यापुरता होता.

जे सुचेल ते केलं. कोमट पाण्याच्या टपात गणपतला तासभर ठेवला, आत तेल सोडलं, बोटांनी हळूहळू खाली सारत राहिलो. मडावी दारात उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो न सांगता आत आला आणि त्यानं डोकं धरलं. त्या दिवशी एक अंडं खाली आलं आणि बाहेर पडलं. दुसरं हलेना. जाड सुई घालून त्यातला बलक ओढून पाहिला, म्हणजे ते आक्रसेल आणि निसटेल. सुईत काही येईना, आतलं सगळं चुनाळून घट्ट झालं होतं. तिसऱ्या दिवशी गणपतनं जीभ बाहेर काढणंही कमी केलं. मी अंजनाबाईला म्हटलं, "कापावं लागेल. कापलं तर कदाचित वाचेल. नाही कापलं तर नक्की मरेल."

तिनं ढोलीत हात घालून गणपतच्या पाठीवरून फिरवला. मग म्हणाली, "कापा. पन मी इथीच बसन."



दवाखान्यातल्या लांब बाकावर गणपतला उलटं निजवलं आणि जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी पाच ठिकाणी बांधलं. मडावीनं डोकं धरलं, अंजनाबाई शेपटीकडं बसली. भूल देणारं औषध श्वासातून द्यायचं तर हा प्राणी मनात आलं की श्वास रोखून धरतो, म्हणून जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं. छेद पोटाच्या मधोमध घेऊन चालत नाही, कारण जन्मभर तो त्याच पोटावर सरपटणार. म्हणून खालच्या रुंद खवल्यांच्या कडेला, बाजूच्या दोन ओळींच्या मध्ये, खवला न कापता नुसती मधली कातडी कापत गेलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला सरपटताना पाहून सुचलं होतं, आणि त्याचा अभिमान मला अजून आहे.

चार बोटं कापून झालं असेल, आतली अंड्यांची नळी दिसायला लागली होती, एवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. धापा टाकत होता, अंगावरची बंडी घामानं पाठीला चिकटलेली.

"डाक्टरसाहेब, बैल फुगला. लवकर चला."

तो जामटोल्याचा गोविंदा. सहा मैल पळत आला होता. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, बैल दावं तोडून तिथं गेला आणि पोटभर खाल्ली. मोहाच्या दिवसांत आमच्याकडं हे नेहमीचं. फुलं पोटात आंबतात, पोट ढोलासारखं होतं, श्वास कोंडतो. उपाय सोपा. डाव्या कुशीत, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधल्या खळग्यात नळीसुई खुपसायची, सुई काढून घ्यायची, नळी तशीच ठेवायची. वारा फस्सकन बाहेर पडतो आणि जनावर डोळे उघडतं. पाच मिनिटांचं काम. पण वेळेत व्हायला पाहिजे.

"आलोच," मी म्हटलं. "अर्ध्या तासात निघतो."

पोट उघडलेला साप टाकून मी जाऊ शकत नव्हतो, हे आजही मला पटतं. पण तो अर्धा तास नव्हता. अंडं नळीला आतून चिकटलेलं निघालं, ते सोडवण्यातच तेवढा वेळ गेला. मग आतली शिलाई. मग कातडीची. सापाची कातडी शिवताना कडा आत वळतात. पहिले तीन टाके आत गेले, उसवावे लागले. मग कडा चिमटीनं बाहेर उलटवून एकेक टाका घातला. हे सगळं होईपर्यंत गोविंदा दारातच उभा होता. बस म्हटलं तर बसला नाही, पाणी दिलं ते घेतलं नाही. एकदाच म्हणाला, "साहेब, बैल हाये जी माहा." मी मान वर न करता म्हटलं, "हो, हो, झालंच."

सव्वा तास गेला.

सायकलवर गोविंदाला पुढं दांडीवर घेऊन मी जामटोल्याला पोचलो, तेव्हा बैल आडवा पडला होता आणि गोविंदाची बायको त्याच्या मानेशी बसली होती. मी गुडघे टेकून हात लावला. अंग अजून गरम होतं, पण श्वास थांबला होता. तरी का कोण जाणे, मी पिशवीतून नळीसुई काढायला लागलो.

गोविंदा म्हणाला, "आता टोचून काय करता?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी सुई पिशवीत ठेवली आणि परत निघालो.

दवाखान्यात पोचलो तर अंजनाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "कुठी गेलते एवढा वेळ? गणपत तोंड उघडून राह्यला, त्याले पाणी पाजू काय नको, कोणाले विचारू मी?" मी हात धुवायला गेलो. तिथं मडावी अवजारं उकळत होता. त्यानं बैलाचं विचारलं. मी मान हलवली.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "नळी मीबी टोचतो, साहेब. पहिल्या डाक्टरच्या टायमाले किती तरी टोचल्या."

"पण तू डोकं धरलं होतंस ना!" मी जवळजवळ ओरडलोच.

"बाईनं धरलं असतं नं मुंडकं," मडावी म्हणाला. "आठ वर्षांपासून धरून राह्यली."

मला ते सुचलंच नव्हतं. मडावीला सुचलं होतं की नाही, आणि सुचलं असेल तर त्यानं तेव्हा का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. साहेब मी होतो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगतो. जनावर ठेवायची जागा म्हणजे दवाखान्याबाहेरची पत्र्याची पडवी, चैत्र-वैशाखाचं ऊन, तिथं गणपत भाजून निघाला असता. म्हणून त्याची ढोली माझ्या घरातल्या मधल्या खोलीत आली. खोलीत ओले गोणपाट टांगले. गणपत थंड रक्ताचा प्राणी, त्याला ऊब हवी पण ऊन नको, ओल हवी पण जखमेला पाणी नको. एकाच वेळी हे सगळं कसं करायचं ते त्यालाच ठाऊक. गणपतमागोमाग अंजनाबाई माझ्या ओसरीवर आली. चूल मांडली, पथारी टाकली. माझंच घर असून मला दाराशी खोकून आत जावं लागायचं.

तिनं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. "भात शिजवता येत नाई डाक्टर तुमाले, साप कसा वाचवान?" माझ्या मलमाला नावं ठेवली. मी दौऱ्यावर गेलो की मलम पुसून हळद-तेल लावायची, मी आलो की हळद पुसून मलम लावायची, आणि खवल्यांच्या फटींत पिवळं दिसलं की म्हणायची, "ते पहिलेपासूनच हाये." घातलेली नऊ अंडीही तिनं ढोलीत त्याच्याजवळ ठेवली होती. फुकाची अंडी, कधीच उबणार नव्हती, वास यायला लागला होता. मी टाकून द्यायला निघालो तर गणपतनं अशक्त अंगानंसुद्धा त्यांच्यावर वेटोळं आवळलं.

"राहू द्या," अंजनाबाई म्हणाली. "त्याले वाटते का होईन काही."

मी म्हटलं, "होणार नाही."

"मले माईत हाये नाई होणार. त्याले कायले सांगता?"

पण खरा ताप गावातल्या बायकांचा. डॉक्टरच्या घरी नागोबा मुक्कामाला आहे, ही बातमी पसरली. अजगर म्हणजे नाग नव्हे, आणि कोणताही साप दूध पीत नाही, त्याच्या घशात ओतलं तर ते फुप्फुसात जाऊन तो मरेल, हे मी दारात उभा राहून पाच-पन्नास वेळा सांगितलं असेल. दारावर पाटी लावली. ती वाचणारी एकही बाई नव्हती. कुंकू, फुलं, वाटीत दूध. मी घरी असलो की माघारी जायच्या, नसलो की अंजनाबाई त्यांना आत घ्यायची.

पाचव्या दिवशी दुपारी मी लसीकरणाहून परतलो. उंबऱ्यापासून आतपर्यंत लाल मुंग्यांची रांग. तणसावर दूध सांडलेलं, त्यावर मुंग्या, आणि तिथून त्या जखमेपर्यंत पोचलेल्या. गणपत अंग झटकत होता. मी आणि मडावीनं त्याला उचलून मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, एकेक मुंगी चिमट्यानं काढली. दोन टाके सैल झाले होते, ते पुन्हा घालावे लागले. मग मी ओसरीवर आलो आणि आयुष्यात कुणाला बोललो नव्हतो तसा अंजनाबाईला बोललो.

"कुणाला विचारून दूध ठेवू दिलंत? दहा वेळा सांगितलं, हा देव नाही, पेशंट आहे पेशंट!"

"देव पेशंट होत नाई काय?"

"याच्यासाठी एका माणसाचा बैल मेला, बाई! माहीत आहे का तुम्हाला?"

तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी गोविंदा दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिचं सगळं लक्ष गणपतच्या शेपटीकडं होतं. ती एकदम बसली. "मले कोणी सांगतलं नाई," म्हणाली. मी पुढं बरंच बोललो, जे बोलायला नको होतं. बैल तिनं मारला नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी उठलो तर चूल मोडलेली, ओसरी शेणानं सारवलेली, आणि अंजनाबाई ढोलीसकट गाडीतून गेलेली.

सुटलो म्हणून चहा ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत मनात हिशेब चालू झाला की टाके अजून कच्चे आहेत, ती आता हळदच लावणार. तिसऱ्या दिवशी सायकल काढली. कुणी बोलावलं नव्हतं, आणि चार मैलांवर पोचल्यावर कुणी या म्हटलंही नाही. अंजनाबाईनं कोठाराचं दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली. जखम स्वच्छ होती. हळद नव्हती. ढोलीचा तळ पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवला होता, मुंगी येऊ नये म्हणून. त्यानंतर दर तीन दिवसांनी मी जात राहिलो.

जखम भरत आली आणि नवाच घोर लागला. गणपत खाईना. पौषात घूस खाल्ली होती, त्यानंतर पोटात काही नाही. ज्येष्ठ आला. पाठीचा कणा दोरीसारखा वर आला. कोंबडी ठेवली, तिच्याकडं पाहिलं नाही. अंजनाबाई म्हणाली, "तुमी पोट घट्ट शिवलं." तिच्या कोठारात मात्र घुशींचा सुळसुळाट झाला होता. तिनं पिंजऱ्यात एक पकडली, मांजराएवढी. ती ढोलीत सोडायला निघाली तेव्हा मी हात धरला. अशक्त सापापुढं जिवंत घूस टाकली तर ती त्यालाच कुरतडेल, जखमेपासून सुरुवात करील. लहान, मऊ काहीतरी हवं होतं. शेतातले उंदीर. पण ज्येष्ठातल्या उन्हात धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, विटेसारख्या कडक झालेल्या, उंदीर बांधात हात-दोन हात खोल. ते कोण खणणार?

त्याच आठवड्यात जामटोल्याला गुरं टोचायची होती. जायला पाय उचलत नव्हता. गोविंदा उरलेला एक बैल घेऊन रांगेत उभा राहिला. मी बैलाला टोचलं, तो बैल घेऊन निघून गेला. बैल गेला त्याबद्दल मी एक शब्द बोलायला हवा होता. रांग मोठी होती, ही सबब मी स्वतःलाच दिली. मडावी तिकडं झाडाखाली लोकांशी बोलत बसला होता. त्यानं बोलण्यात अजगराच्या उपासाची गोष्ट काढली, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी, दुपारी, मी अंजनाबाईच्या कोठारात गणपतच्या कण्यावर बोटं फिरवत होतो. दारात सावली पडली. गोविंदा. हातात गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं. जामटोल्याहून तिथवर दहा मैल. हाताचे पंजे सोललेले, नखांत माती.

"तीन हायेत," तो म्हणाला. "बारके."

अंजनाबाईनं विचारलं, "कोण जी तुमी?"

"ज्याचा बैल मेला, तो मी."

अंजनाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "भाऊ," ती म्हणाली, "तुमी काऊन आणले?"

"मंग काय करू, बाई?" गोविंदा वैतागूनच बोलला. "हा जगावा म्हणून डाक्टर आले नाई. माहा बैल गेला. आता हाबी उपाशी मेला तं माहा बैल फुकटचा गेला नं!"

मी पहिला उंदीर चिमट्यानं ढोलीत सोडला आणि मागं झालो. तिघंही दाराशी बसून राहिलो. बराच वेळ काही नाही. उंदीर तणसात खुडबुडत होता. मग गणपतची जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. मान हळूच मागं सरकली. पुढचं इतकं झटकन झालं की मला नुसती तणसाची सळसळ ऐकू आली. वेटोळं आवळलेलं दिसलं, आणि थोड्या वेळानं उंदराची शेपटी गणपतच्या ओठाबाहेर. तीही गेली.

अंजनाबाई रडत होती. ती रडताना नाक ओढून मोठ्यांदा रडायची, तेही वैतागच आणणारं होतं. गोविंदानं ढोलीत वाकून पाहिलं, माझ्या टाक्यांवर त्याची नजर थांबली. "वाकडे हायेत," तो म्हणाला.

"पहिलाच होता," मी म्हटलं. आणि मग, जे रांगेत बोलता आलं नव्हतं ते बोललो. "गोविंदाभाऊ, त्या दिवशी मडावीला तुमच्याबरोबर पाठवायला पाहिजे होतं. बाईंनी डोकं धरलं असतं. मला सुचलं नाही. चूक माझी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मले माईत हाये," तो म्हणाला. "मी दारातच होतो नं. मले सुचलं होतं. पन डाक्टरले कोण सांगन?"

मग त्यानं उरलेले दोन उंदीर अंजनाबाईच्या पिंजऱ्यात टाकले, आपलं गाडगं मागून घेतलं आणि निघाला. अंजनाबाईनं जेवून जा म्हणून खूप आग्रह केला. थांबला नाही.

आषाढात गणपतनं कात टाकली, तिच्याबरोबर निम्मे टाके निघून आले, उरलेले मी कापले. त्याच महिन्यात मी मडावीला नळीसुईची एक पेटी त्याच्या घरी ठेवायला दिली. नियमात ते बसत नव्हतं. त्याला सांगितलं, मोहाच्या दिवसांत निरोप आला की मला विचारत बसायचं नाही, निघायचं. तो "बरं" म्हणाला. मी म्हटलं, "आणि मी काही चुकतोय असं दिसलं तर तोंड उघडायचं." पुढं माझ्या बदलीपर्यंत त्यानं तोंड इतक्या वेळा उघडलं की तो हुकूम दिल्याचा मला पुष्कळदा पश्चात्ताप झाला.

पुढच्या चैत्रात जामटोल्यात कुणाची तरी गाय फुगली. मडावी गेला, मी मागून पोचलो, तोवर गाय उभी राहून रवंथ करत होती आणि मडावी गोविंदाच्या ओसरीवर चहा पीत होता. "आले काय तुमी," गोविंदा मला म्हणाला. चहा मलाही मिळाला.

परतताना अंजनाबाईच्या गावावरून वाट वाकडी केली. गेल्या वर्षीचे दिवस मनात होते. अडलं असेल तर या वेळी वेळेवर बघू, म्हणून कोमट पाण्यापासून सगळी तयारी डोक्यात जुळवत गेलो. कोठाराचं दार उघडंच होतं. गणपत कोपऱ्यात वेटोळं घालून, आणि वेटोळ्यात अंड्यांचा ढीग. पंधरा मोजली. एकही अडलं नव्हतं.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"झाले की आठ दिवस."

"अहो, मग मला कळवायचं नाही का? मी रोज वाट बघतोय निरोपाची! काही झालं असतं तर?"

अंजनाबाई सुपातलं धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुमाले कळवलं असतं डाक्टर, तं तुमी अजून फाडलं असतं त्याले."